एसटीपीवर (सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर) नवीन लागलात? पहिल्या महिन्यात काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही

सध्या आमच्याकडं संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड कुठंही बघा, मोठी सोसायटी, हॉस्पिटल, हॉस्टेल नाहीतर कंपनी असली की मागच्या बाजूला एक एसटीपी असतोच. त्याच्यावर बसवलेला पोरगा एकतर बीएस्सी मायक्रो झालेला असतो नाहीतर आयटीआय इलेक्ट्रिशियन. मायक्रोवाल्याला पॅनल कळत नाही, आयटीआयवाल्याला कल्चर (टाकीतले जिवाणू) कळत नाही, आणि हँडओव्हर म्हणजे जुना ऑपरेटर "हे बटन चालू ठेव, हे रात्री बंद कर, वास आला की हायपो (क्लोरीनचं औषध) वाढव" एवढं सांगून गाडीला किक मारून निघून जातो. मी सोसायटीच्या, हॉस्टेलच्या, कंपनीच्या अशा वेगवेगळ्या प्लांटवर काम केलंय आणि दर वेळी नवीन पोरांना तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहायलोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मोटरी, पाइप, पॅनल हा सगळा गोठा आहे, जनावर टाकीत आहे. सांडपाणी साफ करायचं काम एरेशन टँकमधले (हवा सोडतात त्या टाकीतले) जिवाणू करतात, आपण फक्त त्यांना चारा (म्हणजे सांडपाण्यातली घाण), हवा आणि जागा द्यायची. हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

१. पहिल्या दिवशी हे मागून घ्या

लाजू नका, नंतर कोणी देत नाही.

कागद:
- एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटची, म्हणजे परवानगीची झेरॉक्स (पाणी कुठपर्यंत साफ व्हायला पाहिजे ते यातच लिहिलेलं असतं)
- प्लांटचा फ्लो डायग्राम आणि टाक्यांची मापं
- मागचे लॅब रिपोर्ट, निदान सहा महिन्यांचे
- जुनं लॉगबुक
- ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) आणि पंपांची मॅन्युअल, मेंटेनन्सवाल्याचा नंबर

सामान:
- १ लिटरचं पारदर्शक मोजपात्र
- दोरी बांधलेली बादली नाहीतर लांब दांड्याचा मग
- पीएच मीटर, नसेल तर पट्ट्या
- क्लोरीन बघायचं ओटी किट
- डीओ मीटर, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला (मालक देत नाही, तरी मागा)
- गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गॉगल, टॉर्च, साबण

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, आणि टायफॉइड, हिपॅटायटिस ए च्या लसीबद्दल डॉक्टरला विचारा. प्लांटवर तंबाखू मळायची सवय असेल तर ती सोडा, त्याच हातानं स्क्रीन साफ केलेली असते.

कन्सेंट स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. हल्लीच्या कन्सेंटमध्ये बीओडी (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, म्हणजे घाणीचं माप) बहुतेक १० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, जुन्यात २० नाहीतर ३० पण दिसतो. "सगळीकडं ३० चालतं" असं सांगणारे लई भेटतील, पण तुमच्या कागदावर जे आहे तेच खरं.

२. टाकीत, चेंबरमध्ये उतरायचं नाही. कोणीही सांगितलं तरी

हे दुसऱ्याच नंबरला लिहितोय कारण बाकीचं चुकलं तर रिपोर्ट फेल होतो, हे चुकलं तर माणूस जातो.

सांडपाणी हवेशिवाय साचून राहिलं की त्यात हवा न लागणारे जिवाणू वाढतात आणि ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तोच सडक्या अंड्याचा वास. थोडा असला की वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी बसून राहतो. वरून सगळं शांत दिसतं. गाळ पायानं ढवळला की त्यात अडकलेला गॅस एकदम वर येतो. आणि अशा अपघातात एक माणूस क्वचितच जातो, पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा.

२०१३ च्या कायद्यानं माणसाला असं गटारात, सेप्टिक टँकमध्ये जीव धोक्यात घालून सफाईला उतरवायला बंदी आहे. सुपरवायझर म्हणाला "पाच मिनिटाचं काम आहे, पंपातला कपडा काढून ये", तर सरळ नाही म्हणा. सबमर्सिबल पंप साखळीनं वर ओढून घ्यायचा असतो. साखळी तुटलेली असेल तर पहिली मागणी तीच करा. गाळ काढायचा असेल तर सक्शनची गाडी बोलवा. कोणी पडलंच तर आत न उतरता ११२ नाहीतर अग्निशमनला १०१ लावा.

आणखी एक, हायपो आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड एका खोलीत ठेवू नका. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन गॅस सुटतो.

३. पाण्याच्या मागं मागं चालत जा

पहिल्या आठवड्यात रोज एक चक्कर अशी मारा की सांडपाणी आत येतं तिथून सुरुवात आणि बागेच्या नळावर शेवट. बार स्क्रीन (पिशव्या, पॅड, कपडे इथं अडकतात, रोज साफ करायची), तेल-तुपाचा ट्रॅप, कलेक्शन नाहीतर इक्वलायझेशन टँक, एरेशन टँक, सेटलर (गाळ खाली बसायची टाकी), क्लोरीन, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, शेवटची टाकी. सेटलरच्या तळातून एक पाइप परत एरेशनला जातो, तो रिटर्न स्लज (स्लज म्हणजे जिवाणूंचा गाळ). हा पाइप शोधा आणि त्यातून खरंच काही येतंय का बघा, कारण पुष्कळ ठिकाणी तो चोकअप असतो आणि कोणाला पत्ताच नसतो.

या रिटर्नमध्येच सगळी गंमत आहे. पूर्वी लोक सांडपाण्यात हवा सोडायचे, पाणी साफ व्हायला पण लई वेळ लागायचा, आणि खाली बसलेला गाळ फेकून द्यायचे. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी तो गाळ फेकायचं बंद केलं, त्याच भांड्यात ठेवून पुढचं सांडपाणी त्याच्यावरच सोडलं. प्रत्येक वेळी कमी वेळ लागायला लागला, कारण गाळात काम करणारे जिवाणू साचत गेले. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज ते हेच, आज तुमच्या सोसायटीत चालू आहे ते पण हेच.

प्लांटवर लोड किती येतोय याचा हिशोब पण करून बघा. माणशी १३५ लिटर पाणी धरा, त्याचं ८० टक्के सांडपाणी होतं. ४०० माणसं असली तर ४०० गुणिले १३५ म्हणजे ५४,००० लिटर, त्याचं ८० टक्के ४३,२०० लिटर, म्हणजे साधारण ४३ केएलडी (रोज ४३ हजार लिटर). प्लांट ३० केएलडीचा असेल तर तुम्ही कितीही घासलं तरी रिपोर्ट येणार नाही, आणि ते लेखी कळवून ठेवा. १०० केएलडीचा असेल तरी त्रासच आहे, कल्चर उपाशी राहतं.

४. रोज एक जार लावा

एवढं एक काम नेमानं केलं तरी निम्मा प्लांट कळतो, आणि याला मीटर लागत नाही. ब्लोअर चालू असताना एरेशन टँकमधून मगानं पाणी काढा, वरचा फेस बाजूला करून. १ लिटरच्या मोजपात्रात १००० पर्यंत भरा, सपाट जागेवर सावलीत ठेवा आणि मोबाइलवर ३० मिनिटाचा टायमर लावा. हलवायचं नाही. ३० मिनिटानंतर खाली बसलेला स्लज किती मिलीवर आहे तो आकडा म्हणजे एसव्ही-३०.

नुसता शेवटचा आकडा लिहून पळू नका, पहिली पाच मिनिटं उभं राहून बघा. चांगलं कल्चर असलं की चहासारखं दिसणारं तपकिरी पाणी बघता बघता फाटतं, बारीक कणांचे गोळे होतात, ते एकमेकांना धरून खाली सरकायला लागतात आणि वर स्वच्छ पाण्याची एक सरळ रेघ तयार होते. ती रेघ खाली जाताना दिसते. ३० मिनिटांनी २५० ते ४०० च्या मध्ये आकडा, वर नितळ पाणी, वास ओल्या मातीसारखा, तर त्या दिवशी कशालाही हात लावू नका.

आता बिघाडाचे प्रकार.

स्लज खाली बसतच नाही, ३० मिनिटांनी पण ८०० वर. इथं दोन शक्यता असतात, एक म्हणजे स्लज जास्त झालाय, दुसरी म्हणजे दोऱ्यासारखे वाढणारे जिवाणू माजलेत. ओळखायचं असं: दुसरा जार घ्या, अर्धा एरेशनचं पाणी आणि अर्धा सेटलरवरचं स्वच्छ पाणी. हा जार मस्त बसला तर स्लज जास्त आहे, काढून टाका. यातही फुगून बसला तर दोरेवाले आहेत. त्याचं कारण बहुतेक हवा कमी, नाहीतर चारा कमी, नाहीतर आत येणारं पाणीच सडून येतंय.

पटकन खाली बसतो पण वरचं पाणी गढूळ, बारीक कण तरंगतात. स्लज म्हातारा झालाय, किंवा कोणीतरी अ‍ॅसिड-फिनेल ओतलंय.

छान बसला, पण जार तसाच ठेवला आणि तासा-दोन तासांनी स्लजचे ढेकळं बुडबुड्यासकट वर आले. नवीन माणूस इथं घाबरून ब्लोअर वाढवतो. उलट तुमचं कल्चर चांगलं काम करतंय, अमोनियाचं नायट्रेट झालंय आणि आता हवा संपल्यावर दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन गॅस करायलेत. अडचण एवढीच की सेटलरमध्ये पण हेच होणार आणि ढेकळं पाण्याबरोबर बाहेर जाणार. उपाय, सेटलरमध्ये स्लज जास्त वेळ थांबू देऊ नका, रिटर्न वाढवा.

तुमचा प्लांट एमबीबीआर असेल तर जारमध्ये फार काही दिसणार नाही, कारण तिथं कल्चर प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटून वाढतं. चकती हातात घेऊन बघा, आतल्या बाजूला पातळ तपकिरी थर पाहिजे. पांढरीशुभ्र असेल तर कल्चर नाही, काळी चिकट असेल तर हवा नाही.

मायक्रोवाल्यांनो, कॉलेजला किंवा ओळखीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप मिळत असेल तर एक थेंब बघाच. नवीन कल्चरमध्ये फ्लॅजेलेट (शेपटीवाले सूक्ष्मजीव) आणि इकडून तिकडं पळणारे सिलिएट (केसवाले सूक्ष्मजीव) जास्त असतात, जमलेल्या कल्चरमध्ये देठावर उभ्या व्हॉर्टिसेला दिसतात. व्हॉर्टिसेला तोंडाभोवतीचे केस फिरवत सुटे जिवाणू आत ओढत असते, स्लाइडला टिचकी मारली की देठ आवळून खट्कन खाली बसते, आणि थोड्या वेळानं परत हळूच वर. तुमचं पाणी नितळ दिसतं त्यात हिचा मोठा वाटा आहे. रोटिफरच रोटिफर (जरा मोठे, बहुपेशी जीव) दिसायला लागले तर स्लज जुना होत चाललाय.

५. हवा, लाईट आणि मराठवाड्याचा उन्हाळा

एरेशन टँकमध्ये डीओ २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास पाहिजे. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं, पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हे अवघड जातं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला साधारण ९ मिलिग्रॅम मावत असेल तर ३० अंशाला साडेसातच. आणि गरमीत जिवाणू खातात पण जास्त. म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा घटला, ब्लोअर तोच.

त्यात पाणीटंचाई. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, एवढं टोकाचं दर वर्षी नसतं पण टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्या आजही पुष्कळ आहेत. लोक पाणी निम्मं वापरायले म्हणजे घाण निम्मी होत नाही, तेवढीच घाण निम्म्या पाण्यात येते. नेहमी २००-२५० बीओडीचं येणारं पाणी जवळपास दुप्पट घट्ट होऊन येतं. मीटरवर फ्लो कमी दिसतो म्हणून मॅनेजर म्हणतो ब्लोअर कमी चालव, बिल वाचंल. कमी करू नका, त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

लाईट गेली तर दोन-चार तास कल्चर सहन करतं. रात्रभर गेली आणि जनरेटरला ब्लोअर जोडलेला नसला की सकाळी टाकी काळी आणि वास. लाईट आल्यावर पहिले फक्त ब्लोअर चालू करा, टाकीचा रंग परत तपकिरी होईपर्यंत नवीन सांडपाणी थोडं थोडंच घ्या.

बुडबुडे पण बघा. सगळीकडं सारखे बारीक बुडबुडे पाहिजेत. एकाच जागी उकळल्यासारखं पाणी उसळत असेल तर तिथला डिफ्यूझर (तळाशी बुडबुडे सोडणारा भाग) फाटलाय, आणि एखादा कोपरा शांत असेल तर तिथले चोकअप आहेत.

६. स्लज काढायला शिका

जिवाणू रोज वाढतात, म्हणून थोडा स्लज रोज काढावाच लागतो. पुष्कळ ऑपरेटर काढतच नाहीत कारण ड्राइंग बेड (गाळ वाळवायची जागा) साफ करायचा कंटाळा, मग एक दिवस सेटलरवरून सगळं ओसंडून फिल्टरमध्ये जातं.

लॅबमधून एमएलएसएस (एरेशनच्या एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम स्लज आहे ते) करून घ्या, ३००० ते ४००० असला तर बरा. मग एसव्हीआय (एक ग्रॅम स्लज किती मिली जागा घेतो ते) काढा: एसव्ही-३० ला १००० नं गुणा आणि एमएलएसएसनं भागा. ३०० आणि ३००० असेल तर १०० येतो, छान. १५० च्या वर जायला लागला की बसायला त्रास सुरू. एकदम अर्धी टाकी रिकामी करू नका, रोज थोडं काढा आणि जार बघत राहा. एक बदल केला की आठवडाभर दुसरा करू नका, जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो. आज ब्लोअर, उद्या रिटर्न, परवा वेस्टिंग (स्लज काढणं) असं केलं तर कशानं काय झालं ते कळणारच नाही.

ओला स्लज माळी मागतो, देऊ नका. जंतांची अंडी त्यात महिनोन् महिने टिकतात.

७. फेस

पांढरा हलका फेस: नवीन कल्चर नाहीतर साबण, काही दिवसात जातो. जाड, तपकिरी, चिकट, काठीनं पण न मोडणारा: स्लज जुना झालाय आणि नोकार्डियासारखे दोरेवाले माजलेत, सोबत तेल-तूप पण आत येत असणार. ट्रॅप साफ करा, स्लज काढा, वरचा फेस उचलून बाहेर टाका. डीफोमर मारून फेस दबतो, कारण तिथंच राहतं.

८. कल्चर नव्यानं बसवायचं असेल तर

सगळ्यात चांगलं म्हणजे जवळच्या चालू एसटीपीचा रिटर्न स्लज टँकरनं आणायचा, टाकीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ते नाही मिळालं तर लोक शेण टाकतात. चालतं, पण शेणातले बहुतेक जिवाणू जनावराच्या पोटातले, हवेशिवाय राहणारे, त्यामुळं वेळ लागतो. टाकायचंच तर पाण्यात कालवून पोत्यातून गाळून टाका, काड्या डिफ्यूझरवर बसतात. सांडपाणी पहिल्यांदा क्षमतेच्या पाव भाग घ्या, मग अर्धं, मग पाऊण. तीन-चार आठवडे धरून चला.

डब्यातली महागडी कल्चर पावडर घेऊन एजंट येतील. माझं मत, घरगुती सांडपाण्याला तिची गरज नाही, सांडपाण्यात जिवाणू आधीच भरपूर असतात. हवा आणि चारा बरोबर नसेल तर पावडरमधले पण मरणार.

हॉस्टेलवाल्यांसाठी वेगळं. लातूरला क्लासेसची पोरं परीक्षा झाली, दिवाळी आली की एकदम गावाकडं जातात, मेस बंद, टाकीत काही येत नाही. अशा वेळी ब्लोअर पूर्ण बंद न करता थोडा थोडा वेळ चालवा, आणि अधूनमधून गुळाचं पाणी द्या. नुसता गूळ म्हणजे फक्त कार्बन, जिवाणूंना बीओडी १०० असला तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ लागतो, म्हणून सोबत थोडा युरिया आणि डीएपी. एका हॉस्टेलवर पोरं यायच्या आदल्या दिवशी सगळे संडास अ‍ॅसिडनं धुतले आणि ते सगळं एकदम प्लांटला आलं, तिथल्या ऑपरेटरचा पुढचा महिना कल्चर परत उभं करण्यात गेला. हाउसकीपिंगवाल्या मावशींशी ओळख ठेवा, अ‍ॅसिड कधी वापरणार ते त्यांनाच माहीत असतं.

९. क्लोरीन

हायपो फिल्टरच्या आधी, सेटलरच्या नंतर. एरेशनमध्ये कधीच नाही, वास आला तरी नाही, आपलेच जिवाणू मरतात. पाण्याला क्लोरीनसोबत निदान अर्धा तास मिळाला पाहिजे. हायपो उन्हानं उतरतो, मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन बघता बघता कमजोर होतो, म्हणून थोडा थोडा मागवा आणि सावलीत ठेवा. ओटी किटनं शेवटच्या टाकीत क्लोरीन दिसतोय का बघा. हे पाणी बागेला, फ्लशला. कोथिंबीर, मेथी, कच्च्या खायच्या कशालाच नाही. नळावर "पिण्याचं पाणी नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा, पोरं खेळून आली की तोंड लावतात.

१०. सॅम्पल आणि लॉगबुक

बीओडीचं सॅम्पल बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. आपल्याकडं ही टेस्ट २७ अंशाला ३ दिवसांची असते (परदेशी पुस्तकात ५ दिवस, २० अंश लिहिलेलं असतं, गोंधळू नका), त्यामुळं रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मागू नका. कोणी दुसऱ्या दिवशी दिला तर त्या लॅबला परत जाऊ नका. कोलिफॉर्मचं (मैल्यातल्या जिवाणूंच्या टेस्टचं) सॅम्पल मात्र घरच्या बिस्लरीच्या बाटलीत चालत नाही. लॅबची निर्जंतुक बाटली घ्या, आणि क्लोरीन मारलेलं पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेट टाकलेली मागा, नाहीतर क्लोरीन रस्त्यात पण जिवाणू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. बाटलीच्या तोंडाला, झाकणाच्या आत बोट लावू नका, काठोकाठ भरू नका, आणि शक्यतो ६ तासात पोचवा. जालन्याहून, परभणीहून पाठवत असाल तर सकाळच्या गाडीनंच पाठवा.

लॉगबुकमध्ये रोज डीओ २.१ आणि पीएच ७.२ असं वर्षभर लिहिलेलं असतं, तपासणीला आलेल्या साहेबाला ते एका नजरेत कळतं. मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा. एसव्ही-३०, टाकीचा रंग, लाईट कधी गेली, स्लज किती काढला, हे खरं लिहा, आणि रिपोर्ट आला की सॅम्पल घेतलेल्या तारखेच्या पानाला त्याची झेरॉक्स स्टेपल करा.